जर्मन पासपोर्ट घ्यावा की पीआरवरच थांबावे?

वाचकांचे प्रश्न

जर्मनीचा सुधारित नागरिकत्व कायदा 27 जून 2024 रोजी लागू झाला. नागरिकत्वासाठी लागणारा वास्तव्याचा काळ आठ वर्षांवरून पाच वर्षांवर आला आणि आधीचे नागरिकत्व सोडण्याची अट जर्मनीने काढून टाकली. तेव्हापासून तेथे राहणाऱ्या मराठी वाचकांच्या आणि त्यांच्या इकडच्या आईवडिलांच्या पत्रांत हाच विषय पुन्हा पुन्हा येतो: नागरिकत्व घ्यावे की पीआरवर, म्हणजे कायम निवासाच्या परवान्यावर, राहावे. त्यांतील चार पत्रे या अंकासाठी घेतली आहेत. पत्रे थोडक्यात दिली असून ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न: आम्ही दोघे 2017 मध्ये पुण्याहून श्टुटगार्टला आलो. दोघेही ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांच्या परवान्यावर) होतो आणि 2020 मध्ये आम्हाला पीआर मिळाली. आमची मुलगी 2021 मध्ये इथेच जन्मली. तिच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे. माझे यजमान म्हणतात की जर्मनी आता दुहेरी नागरिकत्व देते, तेव्हा तिघांचाही अर्ज करून टाकू, दोन्ही पासपोर्ट आपल्याकडे राहतील. माझ्या मनात वेगळेच चालले आहे. बाबांना गेल्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला. आई एकटी त्यांचे सगळे करते आणि मी त्यांची एकुलती एक मुलगी आहे. निदान वर्षभर तरी पुण्यात जाऊन राहावे असे वाटते. नागरिकत्व घ्यावे का? आणि पीआरवर राहून एवढे दिवस जाता येईल का?

उत्तर: आपल्या यजमानांचा समज अर्धा बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्या भागातच धोका आहे. जर्मनीने आपल्या बाजूची अट काढली, पण भारताने काढलेली नाही. भारतीय राज्यघटनेचा अनुच्छेद 9 आणि नागरिकत्व कायदा, 1955 मधील कलम 9 यांनुसार, जी व्यक्ती स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेते तिचे भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी आपोआप संपते. त्यासाठी कोणाचा आदेश लागत नाही आणि दूतावासाला कळवले की नाही याच्याशीही त्याचा संबंध नसतो. जर्मन कार्यालयात नागरिकत्वाचे प्रमाणपत्र ज्या दिवशी हातात दिले जाते, त्या दिवसापासून आपला भारतीय पासपोर्ट, त्यावरची मुदत कितीही शिल्लक असली तरी, वापरण्याजोगा राहत नाही. त्यानंतर त्या पासपोर्टवर प्रवास करणे हा पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा आहे. पासपोर्ट वेळेत जमा न करणाऱ्यांना पुढे दंड भरावा लागतो, आणि ओसीआयचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना भारत देतो त्या कार्डाचा, अर्जही त्यावाचून पुढे सरकत नाही. ‘दोन्ही पासपोर्ट आपल्याकडे राहतील’ हे वाक्य कृपया मनातून काढून टाकावे.

आता आपल्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. तो नागरिकत्वाचा नसून पुण्यात वर्षभर राहण्याचा आहे, आणि माझ्या मते निर्णयाची सुरुवातही तिथूनच व्हायला हवी. कोणता पासपोर्ट अधिक देशांत व्हिसाविना चालतो हा विचार नंतरचा आहे. येत्या दहा वर्षांत आपली गरज कोणाला, कुठे आणि सलग किती दिवस लागणार आहे, हे आधी कागदावर मांडावे.

पीआरचा सर्वांत कमी लक्षात राहणारा नियम असा, की जर्मनीबाहेर गेल्यावर सहा महिन्यांच्या आत परत न आल्यास ती आपोआप रद्द होते. ‘सहा महिने भरायच्या आत चार दिवस येऊन जायचे, म्हणजे झाले’ असा सल्ला मित्रमंडळींत सर्रास दिला जातो. तो अपुरा आहे. याच कलमात दुसरी तरतूद अशी आहे, की बाहेर जाण्याचे कारण तात्पुरत्या स्वरूपाचे नसेल, तर सहा महिने पूर्ण होण्याचीही वाट पाहिली जात नाही. घर सोडले, नगरपालिकेतली नोंद रद्द केली, मुलीचे नाव पुण्याच्या शाळेत घातले आणि तिकडे नोकरी धरली, तर हे जाणे तात्पुरते होते असे पुढे पटवून देणे अवघड जाते. म्हणून जाण्याआधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात, तिथले लोक ज्याला आउसलेंडरबेहोर्ड म्हणतात तिथे, अर्ज करून वडिलांच्या आजाराचे कारण द्यावे, वैद्यकीय कागदपत्रे जोडावीत आणि सहा महिन्यांहून अधिक मुदत लेखी मागून घ्यावी. ही मुदत देण्याचा अधिकार त्या कार्यालयाला आहे. ‘हरकत नाही, जाऊन या’ असे तोंडी उत्तर मिळाले, तर त्यावर विसंबून निघू नये.

दुसरा मार्ग म्हणजे युरोपीय संघाचा दीर्घकालीन निवास परवाना. पाच वर्षांचे कायदेशीर वास्तव्य, पेन्शनचे साठ मासिक हप्ते, बी-वन पातळीची (रोजच्या व्यवहारापुरती) जर्मन भाषा आणि स्थिर उत्पन्न एवढे असेल, तर पीआरधारकही तो मागू शकतात. हा परवाना संघाबाहेर सलग बारा महिने राहिल्यावर रद्द होतो, आणि ज्यांच्याकडे आधी ब्लू कार्ड होते त्यांच्यासाठी ही मुदत चोवीस महिन्यांची आहे. आपण दोघेही ब्लू कार्डवर होता, त्यामुळे वर्षभराच्या पुण्याच्या मुक्कामासाठी हा परवाना मला आपल्याला फार सोयीचा वाटतो. इतका उपयोगी परवाना असून त्याविषयी फार थोडे लोक विचारतात, कारण पीआर मिळाली की सगळे झाले अशी आपली समजूत असते.

तिसरा मार्ग थोडा वेगळा आहे. आपल्या पत्रात दोघांनी एकच निर्णय घ्यायचा असे गृहीत धरलेले दिसते. तसे बंधन कुठेही नाही. आपल्या यजमानांनी जर्मन नागरिकत्व घेतले आणि आपण भारतीय पासपोर्टसह पीआरवर राहिलात, तर जर्मन जोडीदारासोबत वैवाहिक सहजीवन असलेल्या व्यक्तीची पीआर परदेशातील वास्तव्यामुळे रद्द होत नाही, अशी सवलत त्याच कायद्यात आहे. मात्र ती संसार एकत्र चालू असण्यावर अवलंबून असते. आपण पुण्यात आणि यजमान श्टुटगार्टला अशी दीर्घ ताटातूट झाल्यास प्रश्न विचारले जाऊ शकतात, म्हणून पीआर कायम असल्याचे प्रमाणपत्र निघण्यापूर्वी मागून घ्यावे. अर्ज केल्यास ते देण्याची तरतूद आहे. एका घरात दोन देशांचे पासपोर्ट असणे काहींना मनाला लागते. पण आईवडील एका देशात आणि मुलांची शाळा दुसऱ्या देशात असेल, तेव्हा ही व्यवस्था घराला आधार देते, असे मी अनेक कुटुंबांच्या बाबतीत पाहिले आहे.

यजमानांच्या अर्जासाठी पाच वर्षांचे वास्तव्य, बी-वन भाषा, स्वतःचा चरितार्थ आणि नागरिकत्व चाचणी एवढे लागते. चाचणीत तेहतीस प्रश्न असतात, त्यांतले सतरा बरोबर यावे लागतात. शुल्क प्रौढासाठी 255 युरो आणि पालकांसोबत अर्ज करणाऱ्या मुलासाठी 51 युरो आहे. तीन वर्षांत नागरिकत्व देणारी खास सवलत 2025 मध्ये रद्द झाली, पण आपल्याला तिची गरजच नव्हती. मोठ्या शहरांत निकालाला वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो, हे नियोजनात धरावे.

मुलीचा अर्ज यजमानांसोबत आताच करायचा का, हे स्वतंत्रपणे ठरवा. ती पुढे भारतात वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी शिक्षण घेईल अशी थोडी जरी शक्यता वाटत असेल, तर हे लक्षात घ्यावे, की 4 मार्च 2021 च्या अधिसूचनेनंतर नव्याने ओसीआय झालेल्या मुलांना नीट आणि जेईई यांसारख्या परीक्षांतून अनिवासी भारतीयांसाठीच्या जागाच मिळू शकतात. निव्वळ भारतीय नागरिकांसाठी राखलेल्या जागांवर त्यांचा हक्क राहत नाही. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या अधिसूचनेपूर्वी ओसीआय झालेल्यांना दिलासा दिला, परंतु आपल्या मुलीला तो लागू होणार नाही. ती जर्मनीतच शिकणार असेल, तर हा मुद्दा गौण आहे.

आणखी एक व्यावहारिक सूचना. यजमानांना प्रमाणपत्र मिळाल्यापासून ओसीआय कार्ड हातात येईपर्यंतचा काळ फार नाजूक असतो. भारतीय पासपोर्ट संपलेला असतो आणि जर्मन पासपोर्ट अजून छापून यायचा असतो. घरात आजारपण असताना असे अडकून पडणे म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. त्यांनी प्रमाणपत्राच्या दिवशीच तातडीच्या जर्मन पासपोर्टचा अर्ज करावा, लगेच भारतीय पासपोर्ट वाणिज्य दूतावासाच्या केंद्रात जमा करून त्याची पावती आणि प्रमाणपत्र घ्यावे, मग ओसीआयचा अर्ज करावा. दरम्यान निघावे लागलेच, तर जर्मन पासपोर्टवर भारताचा व्हिसा घेऊन जाता येते.

आईवडिलांनाच श्टुटगार्टला आणण्याचा विचारही आपल्या मनात येऊन गेला असेल. 1 मार्च 2024 पासून कुशल कामगारांना आईवडिलांना बोलावण्याची सोय झाली खरी, पण ज्यांना पहिला परवाना त्या तारखेला किंवा त्यानंतर मिळाला त्यांच्यापुरतीच ती आहे. आपण 2017 चे, त्यामुळे ती आपल्याला मिळणार नाही. ज्यांना मिळते त्यांनाही वृद्ध आईवडिलांचा आरोग्य विमा ही मोठी अडचण ठरते. म्हणूनच आपण पुण्याला जाण्याचा विचार करता आहात तो मला योग्य वाटतो. फक्त पुण्यात एका आर्थिक वर्षात 182 दिवस किंवा त्याहून अधिक राहिल्यास आपण भारतीय प्राप्तिकर कायद्याच्या दृष्टीने निवासी ठरता. करआकारणी पासपोर्टवर नव्हे, दिवसांवर ठरते. तेव्हा निघण्याआधी एखाद्या सनदी लेखापालांना दोन्ही देशांतील उत्पन्न दाखवून घ्यावे.

प्रश्न: माझे पती आणि मी सहा वर्षांपासून म्युनिकमध्ये आहोत. पतींना पीआर आहे, मला अजून नाही. आम्हाला येत्या काही महिन्यांत बाळ होईल. बाळ भारतीय असेल की जर्मन? सासूबाईंची इच्छा आहे की बाळाचा पासपोर्ट भारतीयच असावा.

उत्तर: सर्वप्रथम आपले अभिनंदन. आईवडिलांपैकी एक जण पाच वर्षे कायदेशीररीत्या जर्मनीत राहिलेला असेल आणि त्याच्याकडे कायम निवासाचा हक्क असेल, तर तिथे जन्मलेले बाळ जन्मतःच जर्मन नागरिक होते. आपल्या पतींकडे दोन्ही आहे, म्हणून आपले बाळ जर्मन असेल. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही. जन्मनोंदणी कार्यालय ही पडताळणी स्वतः करते. आपली पीआर नसल्याने काही अडत नाही.

सासूबाईंच्या इच्छेचा मी आदर करतो, पण त्यांना हे शांतपणे समजावून सांगावे, की परदेशात जन्मलेल्या मुलाची भारतीय नागरिक म्हणून वाणिज्य दूतावासात नोंद करताना आईवडिलांना लेखी घोषित करावे लागते, की मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही. बाळाचा जर्मन पासपोर्ट काढलात, की ही घोषणा खरी राहत नाही. खोटी घोषणा करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच ऐकू नये. बहुतेक कुटुंबे बाळाचा जर्मन पासपोर्ट काढतात आणि मग त्याला ओसीआय घेतात. आईवडील भारतीय असल्याने त्यासाठी ते पात्र असते. बाळाला पाहायला आजी येणार की बाळ आजीकडे जाणार हे ठरण्याआधी हे कार्ड किंवा व्हिसा हातात असू द्यावा.

ज्या वाचकांची पाच वर्षे अजून भरलेली नाहीत, त्यांचे बाळ जर्मन होत नाही. त्यांनी जन्मापासून एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात नोंद करावी. वर्ष उलटल्यास केंद्र सरकारची परवानगी लागते आणि ते प्रकरण लांबते.

प्रश्न: मी सातारा जिल्ह्यात राहते. वय एकाहत्तर. माझे यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. मुलगा बारा वर्षांपासून हॅम्बुर्गला आहे आणि आता तिकडचा नागरिक होणार म्हणतो. आमची साडेतीन एकर बागायत आहे, सातबारावर माझे आणि मुलाचे नाव लागलेले आहे. गावात लोक सांगतात की परदेशी झाल्यावर त्याची जमीन सरकारजमा होते. आणि मला काही झाले तर तो वेळेवर येऊ शकेल का?

उत्तर: आई, जमीन सरकारजमा होत नाही. हे गावात ज्यांनी सांगितले त्यांना माझे हे उत्तर दाखवावे.

परदेशी नागरिकत्व घेतल्यामुळे वारसाहक्क जात नाही. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालील नियमांनुसार अनिवासी भारतीय किंवा ओसीआयधारक वारशाने शेतजमीनही मिळवू शकतो आणि ती स्वतःच्या नावावर ठेवू शकतो. त्याला जे करता येत नाही ते म्हणजे नवीन शेतजमीन विकत घेणे आणि बक्षीसपत्राने शेतजमीन स्वीकारणे. हे बंधन तो आज भारतीय पासपोर्टवर परदेशात राहत असतानाही लागू आहे. जर्मन झाल्याने त्यात फरक पडत नाही. म्हणून आपला हिस्सा त्याला बक्षीसपत्राने देण्याचा विचार असेल तर तो सोडावा आणि त्याऐवजी मृत्युपत्र करावे. दोन साक्षीदारांसमोर सही झालेले मृत्युपत्र कायद्याने पुरते. नोंदणी सक्तीची नसली, तरी दुय्यम निबंधक कार्यालयात ती करून घ्यावी, म्हणजे पुढे भावकीत वाद होत नाहीत.

पुढे कधी जमीन विकायची झाली, तर मुलाला ती भारतात राहणाऱ्या व्यक्तीलाच विकावी लागेल, आणि महाराष्ट्रातील कूळकायद्याप्रमाणे घेणारा शेतकरी असावा लागेल. आलेले पैसे त्याच्या एनआरओ खात्यात (अनिवासींच्या भारतातील रुपयांच्या बँक खात्यात) जमा होतील आणि कर भरून, दर आर्थिक वर्षी दहा लाख डॉलरच्या मर्यादेत, बाहेर नेता येतील.

फेरफार, पीकपाहणी, वीजजोडणी असल्या कामांसाठी तो दर वेळी येऊ शकणार नाही. त्याने आपल्या किंवा विश्वासातल्या एखाद्या नातेवाइकाच्या नावे, कामांची स्पष्ट यादी असलेले कुलमुखत्यारपत्र हॅम्बुर्गच्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून पाठवावे. ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावे लागते. पाकीट कपाटात राहून जाते आणि ही मुदत निघून जाते, असे बऱ्याच घरांत होते. पाकिटावरचा टपालाचा शिक्का जपून ठेवावा. विक्रीचा अधिकार त्या पत्रात घालू नये. ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याही बाबतीत घालू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

आता आपल्या शेवटच्या प्रश्नाविषयी. तो आपण शेवटी लिहिला असला, तरी पत्र त्यासाठीच लिहिले असावे. मुलाकडे ओसीआय कार्ड असले, की त्याला भारतात येण्यासाठी आयुष्यभर व्हिसा लागत नाही, कितीही वेळा येता येते, कितीही दिवस राहता येते आणि पोलिसांकडे नोंदही करावी लागत नाही. हॅम्बुर्गहून निघण्याला आज जेवढा वेळ लागतो तेवढाच तेव्हाही लागेल. काळजी घ्यायची ती फक्त नागरिकत्व मिळाल्यापासून कार्ड येईपर्यंतच्या दिवसांची. वर पहिल्या उत्तरात त्याविषयी लिहिले आहे, ते त्याला वाचायला सांगावे. त्याचा मतदानाचा हक्क मात्र जाईल. आजवर तो मतदार यादीत नाव लावून, प्रत्यक्ष गावी येऊन मत देऊ शकत होता; ओसीआयधारकाला ते करता येत नाही. निवडणूक लढवणे आणि सरकारी नोकरी हेही त्याला बंद होईल.

उद्या त्याला कायमचे परत यावेसे वाटले, तर ओसीआयवर तो गावात राहून शेती पाहू शकतो. ओसीआय घेऊन पाच वर्षे झाली आणि अर्जापूर्वी बारा महिने भारतात राहिला, तर पुन्हा भारतीय नागरिक होण्यासाठी अर्जही करू शकतो. निर्णय केंद्र सरकारचा असतो आणि तेव्हा जर्मन नागरिकत्व सोडावे लागेल, पण परतीचा मार्ग कायद्याने बंद केलेला नाही.

प्रश्न: मी 2005 पासून फ्रँकफुर्टला आहे, दोन वर्षांत साठीला येईन. जर्मन नागरिक व्हायचे नाही असे मी ठरवले आहे. निवृत्तीनंतर वर्षातले सात-आठ महिने नाशिकला आणि बाकीचे इकडे मुलीजवळ काढायचे आहेत. पीआर टिकेल का? पेन्शनचे काय?

उत्तर: ज्यांचे जर्मनीत किमान पंधरा वर्षे कायदेशीर वास्तव्य झाले आहे आणि ज्यांचा चरितार्थ स्वतःच्या उत्पन्नावर चालतो, त्यांची पीआर परदेशातील वास्तव्यामुळे रद्द होत नाही. आपण या अटीत बसता. मात्र विमानतळावरचा अधिकारी आपला इतिहास शोधत बसणार नाही, म्हणून फ्रँकफुर्टच्या कार्यालयातून पीआर कायम राहत असल्याचे प्रमाणपत्र नोकरीत असतानाच, पगाराच्या चिठ्ठ्या आणि पेन्शनचा अंदाज दाखवून काढावे. निवृत्तीनंतर उत्पन्न कमी दिसते आणि चौकशी वाढते. आपल्या पत्नीही तिथे असतील, तर त्यांचा उल्लेख त्याच अर्जात करावा. ही सवलत सोबत राहणाऱ्या जोडीदारालाही मिळते.

पेन्शन नागरिकत्वावर नव्हे, भरलेल्या हप्त्यांवर मिळते. साठ मासिक हप्ते झाले की हक्क निर्माण होतो आणि आपले त्याहून कितीतरी अधिक झालेले असणार. भारत आणि जर्मनी यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार 1 मे 2017 पासून लागू आहे, त्यामुळे पेन्शन नाशिकच्या खात्यातही घेता येते आणि भारतात केलेल्या नोकरीचा भविष्यनिर्वाह निधीचा काळ पात्रतेसाठी जोडता येतो. आरोग्य विमा या करारात येत नाही. नाशिकला असताना जर्मन विम्याचा उपयोग होईल असे धरून चालू नये आणि भारतातील विमा साठी पूर्ण होण्याआधी, पूर्वीचे आजार जाहीर करून घ्यावा. पेन्शन कार्यालय दर वर्षी हयातीचा दाखला मागते. तो नाशिकहून वेळेत पाठवला नाही, तर पुढचा हप्ता थांबतो, तेव्हा तेथील पत्ता त्या कार्यालयाला निघण्यापूर्वीच कळवावा.